कॅनव्हास हूडची गाडी चोरांपासून कशी सांभाळायची

चिरा जेमतेम वीतभर होता. मागच्या डाव्या खिडकीच्या वर, शिवणीच्या कडेने, पट्टी लावून मारल्यासारखा सरळ. आम्ही गड उतरून गाडीपाशी आलो तेव्हा दारं बंद, लॉक शाबूत, डॅशबोर्डवरचा लाल दिवा नेहमीसारखा लुकलुकत होता. बायको म्हणाली, "अरे, हूड इथं उसवलंय का?" उसवलं नव्हतं, कापलं होतं.

आतून सॅक गेली होती. तिच्यात ओले कपडे, जुनी पॉवर बँक आणि अर्धा डबा चकल्या. सगळं मिळून दोन-अडीच हजारांचं. खरं नुकसान डॅशबोर्डच्या कप्प्यातलं: मूळ आरसी, विम्याचे कागद आणि दुसरी चावी. आरसीवर घरचा पत्ता छापलेला असतो. म्हणजे चोराच्या हाती आता गाडीची चावी होती आणि गाडी रात्री कुठे उभी असते तेही त्याला कळलं होतं. चावी-लॉक बदलून होईपर्यंत बारा दिवस मी गाडी आतेभावाच्या बंगल्यात, त्याच्या गाडीच्या मागे अडकवून ठेवली. चकल्यांचं दुःख तेवढ्यात विसरलो.

माझी थार २०२१ ची, सॉफ्ट टॉप. त्याआधी घरी वडिलांची एमएम ५४० ही महिंद्राची जुनी जीप होती, तिची तर दारंही कॅनव्हासची. त्यामुळे आपल्याला या गाड्या कळतात असा माझा समज होता. तुम्ही नवी सॉफ्ट टॉप थार घेतली असेल, जुनी जिप्सी किंवा जीप शोधून आणली असेल, तर मी जे पैसे आणि झोप घालवून शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. हूड असतं ऊन-पावसासाठी. चोराच्या दृष्टीने ते नसल्यातच जमा. आत ठेवलेली वस्तू म्हणजे रस्त्यावर ठेवलेली वस्तू, एवढं धरून चाललात की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

१. चोर दोन प्रकारचे, उपायही दोन

पहिला भुरटा. त्याला गाडी नको असते. आत काही दिसलं, आजूबाजूला कोणी नाही, खिशात कटर आहे, एवढ्यावर तो काम उरकतो. त्याच्यावर उपाय एकच, आत काही नसणं आणि नाही हे बाहेरून दिसणं.

दुसरा गाडीच नेणारा. पत्र्याच्या गाडीत त्याला काच फोडावी लागते किंवा लॉकशी झटावं लागतं, आवाज होतो. आपल्याकडे तो न बोलावता सीटवर येऊन बसू शकतो. म्हणून त्याच्याविरुद्धची लढाई दारापाशी नाही, सीटवर बसल्यानंतर सुरू होते. इंजिन चालू होता कामा नये, चाक-गिअर हलता कामा नये, आणि इतकं करूनही गेलीच तर सापडली पाहिजे.

बरेच जण भुरट्याला घाबरून महागडा अलार्म बसवतात आणि दुसऱ्यासाठी काहीच करत नाहीत. मीही तेच केलं होतं.

२. आज संध्याकाळीच गाडी रिकामी करा

याला एक रुपयाही लागत नाही.

मूळ कागद घरी न्या. आरसी आणि लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधून दाखवलेलं कायद्याने चालतं, २०१८ पासून. विमा आणि पीयूसीही त्यातच दिसतात. कोणी "ओरिजिनल दाखवा" म्हणालं तरी ॲप उघडून शांतपणे पुढे करा.

दुसरी चावी घरातल्या कपाटात. गाडीत कुठेही नाही, बंपरखाली चुंबकाच्या डबीत तर मुळीच नाही.

मग बारीकसारीक. चार्जिंगची वायर, गॉगल, टोल-पार्किंगसाठीची चिल्लर, जिमची रिकामी बॅग. तुम्हाला ती रिकामी आहे हे माहीत असतं, भुरट्याला नसतं. मोबाइल स्टँड काढलात तर काचेवरचा गोल डागही पुसा, कारण त्या डागाचा अर्थ "स्टँड इथेच कुठेतरी आहे" असा होतो. डॅशबोर्डचा कप्पा मी आता उघडा ठेवतो. आत फक्त एक पिवळं फडकं. बघणाऱ्याने बघावं आणि जावं. आणि सोसायटीच्या स्टिकरवर फ्लॅट नंबर लिहिलेला असेल तर तो खरवडून टाका. वॉचमन तुम्हाला ओळखतो, बाकीच्यांना तो नंबर कळायची गरज नाही.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे: पार्किंगला पोहोचल्यावर उतरून लॅपटॉपची बॅग सीटखाली सरकवणं. चहाच्या टपरीवर बसलेला माणूस तेवढंच बघत असतो. काय लपवायचं ते निघतानाच लपवा, किंवा शेवटच्या पेट्रोल पंपावर.

३. पत्र्याची पेटी बसवून घ्या

प्रवासात काहीतरी सोबत राहणारच. कॅमेरा, पाकीट, गडावर नको असलेली घरची चावी. त्यासाठी तयार लॉकबॉक्स मिळतात, पण मला फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेणं परवडलं. मोजून घेऊन गेलात की दोन दिवसांत होतं. त्याला सांगायच्या गोष्टी अशा:

पत्रा १४ गेजचा, म्हणजे साधारण २ मिलिमीटर. यापेक्षा पातळ पत्रा स्क्रूड्रायव्हरने उचकटतो. झाकणाची बिजागरी आतून. कडी-कोयंडा बाहेर लोंबता नको, कारण बाहेरच्या कुलपात सळई घालून पिरगाळता येते. कपाटाला असतं तसं आत बसणारं लॉक घ्या. कोपऱ्याला पाणी जायला एक बारीक भोक, कारण पावसाळ्यात हूडमधून कुठून ना कुठून थेंब येतोच.

पेटी फ्लोअरला बोल्टने घट्ट करा आणि बोल्टची डोकी पेटीच्या आत राहू द्या. खाली मोठे वॉशर लावा, नाहीतर पत्राच फाटून पेटी हातात येते. भोकांना प्राइमर मारल्याशिवाय बोल्ट टाकू देऊ नका, वर्षभरात तिथून गंज सुरू होतो. वेल्डिंगचा आग्रह झाला तर नको म्हणा. फॅब्रिकेशनवाल्याला ते सोपं पडतं, पण नव्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सला वेल्डिंगचा करंट सोसत नाही आणि वॉरंटीचा वाद वेगळाच.

आणखी एक. सीटच्या किंवा सीटबेल्टच्या बोल्टला पेटी अडकवायची युक्ती काही जण सुचवतात. करू नका. ते बोल्ट अपघातात तुमचा जीव धरून ठेवायला आहेत.

४. हूड लॉक करावं की नाही, हा जुना वाद

जुने जीपवाले सांगतात की दारं उघडीच ठेवावीत. चोराला आत बघू द्यावं, काही नाही म्हणून तो जाईल, निदान हूड तरी कापणार नाही. यात तथ्य आहे. चोरीला गेलेल्या मालापेक्षा हूडच महाग असा अनुभव बहुतेकांचा आहे, माझाही.

तरी मी लॉक करतो. कारण विमा. मोटार पॉलिसीत गाडी सुरक्षित ठेवण्यासाठी मालकाने वाजवी काळजी घ्यावी अशी अट असते. गाडी गेली आणि दारं उघडी होती असं निघालं, तर कंपनी त्याच अटीवर बोट ठेवते. चावी इग्निशनला ठेवून "दोन मिनिटांत आलो" म्हणणाऱ्यांचे दावेही असेच अडकतात. कॅनव्हासच्या दाराला लॉकच नसेल तर गोष्ट वेगळी. पण जे लॉक गाडीला आहे ते लावलेलं असलं पाहिजे.

झिपांना छोटी कुलपं लावायची हौस मलाही आली होती. त्याचा उपयोग उलटा होतो. झिप उघडत नाही म्हटल्यावर कटर बाहेर येतो. त्याऐवजी मी झिपेच्या दोन टोकांत प्लास्टिकचा पातळ केबल टाय अडकवतो, रोज वेगळ्या रंगाचा. त्याने कोणी थांबत नाही, पण कुणी हात लावला होता का हे लांबूनच कळतं. 

हूडवर पत्र्याचा हार्ड टॉप बसवणं हा मोहात पाडणारा मार्ग. "काही होत नाही, सगळेच बसवतात" असं दुकानदार सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी कडकपणे सांगितलं. आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, मगच दुकानात पाऊल टाका. नाहीतर चोरीपासून वाचवायला केलेला खर्चच दाव्याच्या वेळी आडवा येतो.

५. आत बसला तरी गाडी नेता येऊ नये

गिअर लॉक किंवा स्टिअरिंग लॉक, यातलं एक तरी हवंच. गिअर लॉक गाडीतच पक्का बसतो, त्यामुळे लावायचा कंटाळा कमी. स्टिअरिंगचा पिवळा-लाल दांडा दिसतो लांबून, हाच त्याचा मोठा गुण. क्लच आणि ब्रेक एकत्र जखडणारा पेडल लॉकही चांगला, पण पावसाळ्यात चिखलाने माखतो आणि तो लावायला वाकताना पाठ बोलते. मी गिअर लॉक कायम आणि रात्री रस्त्यावर उभी करायची वेळ आली तर वर दांडा, असं करतो.

नव्या थारला चावीतच इमोबिलायझर आहे, म्हणजे ओळखीची चिप असल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. पण स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीतला बिघाड तपासायच्या जोडणीला, यंत्र लावून नवी चावी शिकवता येते, सर्व्हिस सेंटरमध्ये तेच करतात. हूड फाडून आत आलेल्याला ते सॉकेट आयतं समोर. त्यावर बसणारं धातूचं झाकण मिळतं, कुलूपवालं. बसवून घ्या आणि सर्व्हिसिंगला गाडी देताना त्याची चावी द्यायला विसरू नका. मी विसरलो होतो, मेकॅनिक दुपारभर ताटकळला.

जुन्या गाडीची गोष्ट निराळी. तिथे "बॅटरीचा कट-ऑफ बसव" असा सल्ला पहिला मिळतो. पेट्रोल गाडीला तो लागू पडतो. जुने पेट्रोल जीपवाले तर इंजिनला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढून खिशात टाकायचे. गाडी मग धक्का मारूनही फुरफुरत नाही.

पण जुन्या डिझेल जीपला निव्वळ बॅटरी तोडून भागत नाही. तिचा पंप मेकॅनिकल. उतारावर गिअरमध्ये टाकून सोडली की वीज नसतानाही इंजिन पकडतं. आमच्या एमएम ५४० ची बॅटरी महिनाभर मेलेली होती आणि वडील रोज सकाळी घरासमोरच्या उतारावरूनच ती चालू करायचे. जे ते करू शकत होते ते चोरही करू शकतो. म्हणून डिझेलच्या पाइपवर, सीटखाली हात पोहोचेल अशा जागी, एक कॉक बसवून घ्या. बंद असेल तर पाइपमधल्या डिझेलवर गाडी थोडी पुढे जाते आणि मध्येच मान टाकते. एक सूचना: तुम्ही स्वतः कॉक उघडायला विसरलात तर लाइनमध्ये हवा जाते आणि पंपाची एअर काढत बसावं लागतं. म्हणून बारा-तेराचा पाना पेटीत ठेवा. अनुभवाचे बोल.

नव्या, वॉरंटीतल्या गाडीच्या वायरींना मात्र बाहेरच्या इलेक्ट्रिशियनचा हात लागू देऊ नका.

६. अलार्म घेताना सेन्सर विचारा

माझा अलार्म त्या दिवशी वाजला नाही, कारण त्याचं सगळं लक्ष दारांकडे होतं. दार उघडलंच नाही, मग तो वाजेल कशाला?

सेन्सरचे प्रकार असतात. आतल्या हवेत ध्वनिलहरी सोडून हालचाल ओळखणारा अल्ट्रासोनिक सेन्सर बंद काचेच्या गाडीत छान चालतो. हूड वाऱ्याने फडफडलं की तो रात्री तीनला बोंब मारतो. तिसऱ्या रात्री वरच्या मजल्यावरचे काका खिडकीतून काय म्हणाले ते लिहीत नाही. मायक्रोवेव्ह सेन्सरला फडफड जाणवत नाही, पण त्याच्या लहरी कॅनव्हासच्या आरपार जातात. सेन्सिटिव्हिटी कमी केली नाही तर बाजूने चालणारा माणूसही त्याला चोर वाटतो. धक्का ओळखणारा शॉक सेन्सर कटरच्या हलक्या चिरेला दाद देत नाही. पण गाडीचं चाक उचललं, जॅक लावला, टो करायचा प्रयत्न झाला तर तिरपेपणा ओळखणारा टिल्ट सेन्सर कामाचा.

माझा कौल: मायक्रोवेव्ह, कमी सेन्सिटिव्हिटीवर, आणि जोडीला टिल्ट. बसवणाऱ्यासमोरच हूड हाताने हलवून बघा, मग खिडकीची झिप उघडून हात आत घालून बघा. पहिल्याला वाजता कामा नये, दुसऱ्याला वाजलाच पाहिजे. ही परीक्षा झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

७. जीपीएस ट्रॅकर

इथे आपल्या गाडीचा एक फायदा. डोक्यावर पत्रा नसल्याने सिग्नल मस्त मिळतो, त्यामुळे ट्रॅकर खोल लपवता येतो.

स्वतःची छोटी बॅटरी असलेला घ्या, कारण गाडीची बॅटरी तोडणं हे चोराचं पहिलं काम. सिम कोणाच्या नावावर आहे आणि रिचार्ज कधी संपतो ते कॅलेंडरमध्ये टाका. ट्रॅकर असून रिचार्ज संपलेला, असे महाभाग मला दोन माहीत आहेत. ओबीडी सॉकेटमध्ये खोचायचा ट्रॅकर सोपा असतो, पण चोरालाही सोपाच. मोबाइलवरून चालत्या गाडीचं इंजिन बंद करायची सोय दाखवून विकणारे भेटतील. घाटात चुकून ते बटण दाबलं गेलं तर काय, याचा विचार करा. मी ती वायर जोडूच दिली नाही.

ब्लूटूथचे छोटे टॅग स्वस्त आहेत, दुसरी फळी म्हणून ठीक. पण "अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय" अशी सूचना ते चोराच्या फोनलाही देतात.

फास्टॅगचा मोबाइल नंबर चालू ठेवा. चोरलेली गाडी टोलनाक्यातून गेली तर पहिला मेसेज तुम्हालाच येतो.

८. कुठे आणि कशी उभी करायची

मागचा भाग भिंतीला चिकटवा. प्लास्टिकची मागची खिडकी हीच सगळ्यात मऊ जागा, तिथे माणसाला उभं राहायलाच जागा ठेवू नका. पुढची चाकं फुटपाथकडे पूर्ण वळवून लॉक करा, म्हणजे ओढून नेणं अवघड होतं. दिव्याखाली, एटीएमसमोर, मेडिकलच्या दारात, जिथे रात्रीही कोणी जागं असतं तिथे.

सोसायटीत कव्हर घालत असाल तर एक तोटा लक्षात ठेवा. कव्हरखाली हूड फाटलंय हे आठवडाभर कळत नाही. रोज सकाळी एक कोपरा उचलून बघा.

गडांच्या पायथ्याशी मी आता मैदानात गाडी लावत नाही. गावात शिरायचं, अंगण असलेलं घर बघायचं आणि विचारायचं, "मामा, संध्याकाळपर्यंत गाडी लावू का इथं?" पन्नास-शंभर रुपये, उतरल्यावर त्यांच्याकडेच चहा किंवा पिठलं-भाकरी. मामा ओट्यावर बसलेले असतात आणि अंगणात परका माणूस आला तर कुत्रं आधी भुंकतं. कोणत्याही मायक्रोवेव्ह सेन्सरपेक्षा भरवशाचं. तुमचा नंबर काचेवर न लिहिता त्यांच्याकडे द्या.

गोव्यात भाड्याने सॉफ्ट टॉप घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. काळ्या पाटीवरची पिवळी अक्षरं लांबूनच सांगतात की आत पाहुणे आहेत, आणि पाहुण्यांच्या बॅगा. समुद्रावर जाताना बॅगा हॉटेलात ठेवा. गाडी घेताना हूडचे सगळे कोपरे, झिपा आणि शिवणी यांचा व्हिडिओ काढा, नाहीतर आधीचा चिरा तुमच्या डिपॉझिटमधून जाईल.

९. बाहेर लटकणाऱ्या वस्तू

मागची स्टेपनी: एका नटाच्या जागी लॉक नट टाका आणि त्याचं सॉकेट टूलकिटमध्ये ठेवा, पंक्चर झाल्यावर घरी राहिलेलं आठवून उपयोग नाही. जुन्या जीपचं बॉनेट बाजूच्या आकड्यांनी बाहेरूनच उघडतं, म्हणून बॅटरी जाते. तिथे छोटं कुलूप. डिझेलच्या टाकीला चावीचं झाकण. झालं.

१०. विमा: गाडी जाण्याआधी वाचायची गोष्ट

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक पैसाही मिळत नाही. जुनी जीप घेणारे इथे हमखास फसतात, कारण आधीच्या मालकाने स्वस्तातला थर्ड पार्टी काढलेला असतो.

चोरी झाल्यावर मिळते ती आयडीव्हीची, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीची रक्कम, शोरूमची किंमत नाही. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट धरतात. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही दोघांच्या संमतीने ठरते. म्हणजे तिथे घासाघीस करायला जागा आहे. मेहनतीने उभी केलेली जुनी जीप असेल तर बिलं आणि फोटो घेऊन बसा. हप्ता कमी दिसावा म्हणून एजंट आयडीव्ही खाली ओढतो, त्याला हो म्हणू नका.

बाहेरून बसवलेल्या वस्तू, म्हणजे विंच, दिवे, म्युझिक सिस्टिम, पॉलिसीत वेगळ्या लिहून घ्या. गाडीतली बॅग-लॅपटॉप साध्या पॉलिसीत येत नाही, त्यासाठी वेगळं ॲड-ऑन असतं. आणि हूड बदलायची वेळ आली तर कॅनव्हास कोणत्या घसाऱ्यात धरणार, हे आजच ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.

आपल्या पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयने, म्हणजे वाहनं तपासणाऱ्या संस्थेने, मान्यता दिलेलं चोरीविरोधी उपकरण असेल तर हप्त्यात सूट मागा. जुन्या टॅरिफप्रमाणे ती अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये. फार नाही, पण दाव्याच्या वेळी "काळजी घेतली होती" याचा पुरावा होतो.

११. घरी एक फाइल करून ठेवा

मूळ आरसी, पॉलिसी, गाडी खरेदीचं बिल, कर्ज असेल तर त्याचे कागद, दुसरी चावी आणि तिचा कोड असलेला बिल्ला. गाडीचे चारी बाजूंचे, हूडचे आणि एखाद्या खास ओरखड्याचे फोटो. चासी आणि इंजिन नंबरचे फोटो, शिवाय चासी नंबरवर कागद धरून पेन्सिलने घासून काढलेला छाप. हा छाप विमावाले मागतात आणि गाडी गेल्यावर तो कुठून काढणार? ट्रॅकरचा आयडी आणि ॲपचा पासवर्ड. बसवलेल्या प्रत्येक लॉकचं बिल.

१२. झालीच चोरी तर

गाडी जागेवर नाही? आधी दहा मिनिटं शांत डोक्याने घालवा. वाहतूक पोलिसांनी टो केली नाही ना, हे विचारा. कर्जाचे हप्ते थकले असतील तर बँकेलाही. मगच ११२.

हूड कापलेलं सापडलं तर गाडीला हात लावू नका, आत बसू नका. आधी फोटो. पंचनामा होईपर्यंत चिरा तसाच राहू द्या. मी घाईत चिकटपट्टी लावून मोकळा झालो आणि नंतर ती पट्टी उचकटून साहेबांना दाखवावी लागली.

पोलीस ठाण्यात एका शब्दाकडे लक्ष ठेवा. "गहाळ" झाल्याची नोंद आणि "चोरी"चा गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी. गहाळची नोंद पटकन होते, शिक्का मिळतो, माणूस खूश होऊन घरी जातो. विम्याच्या दाव्यासाठी तिचा उपयोग शून्य. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली चोरीचा एफआयआर मागा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नव्या कायद्यात हद्दीचा प्रश्न असला तरी कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते. हूड कापल्याचं आणि चावी गेल्याचं त्यात स्पष्ट लिहून घ्या. माझ्या पहिल्या मसुद्यात चावीचा उल्लेखच नव्हता.

त्याच दिवशी विमा कंपनीला फोन आणि ईमेल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलंय की एफआयआर वेळेत असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्या कारणावर चोरीचा दावा फेटाळता येत नाही. पण कोर्टात जाऊन जिंकण्यापेक्षा त्याच दिवशी एक ईमेल टाकणं सोपं. आरटीओ आणि कर्जाच्या बँकेलाही लेखी कळवा, पोच घ्या.

कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक कमी असेल तर का कमी, याचा कागद हवा. माझी गाडी गेली नाही म्हणून सुटलो. गेली असती तर ती कप्प्यातली चावी मला फार महागात पडली असती.

यानंतर वाट बघणं. गाडी मिळाली नाही तर पोलीस कोर्टात "अ समरी" देतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. ती मंजूर झाल्याचा कागद मिळेपर्यंत दाव्याची रक्कम सहसा सुटत नाही. त्याला काही महिने लागतात, दर पंधरा दिवसांनी चक्कर मारायची तयारी ठेवा. गाडी मिळाली तर ती मुद्देमाल म्हणून ठाण्यात उभी राहते, कोर्टातून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितली तर पुन्हा हजर करू अशा हमीवर, सोडवावी लागते. तोवर हूड ऊन-पावसात कुजतं, म्हणून अर्ज लगेच करा. आणि ठाण्यात परवानगी घेऊन तिच्यावर एक ताडपत्री टाकून या.

हूडचा चिरा शिवायला मी नाना पेठेत गेलो. कंपनीचं अख्खं हूड घ्यायची गरज नसते. रिक्षाची हूडं शिवणारा कारागीर आतून पॅच लावून देतो. शिवणीच्या भोकांतून पाणी येतं, म्हणून वरून सीलंट लावायला सांगा आणि एक दिवस सुकू द्या. माझ्या पॅचचा काळा रंग हूडच्या काळ्यापेक्षा एक छटा गडद आहे. उन्हात लगेच दिसतो.